सकाळी ते उठले

साहेब, तुम्ही खोटं बोललात.

तांड्यावरच्या शाळेसमोर मंडप टाकून, माइक हातात धरून बोललात. "वर पहाडात बोगद्याचं काम आहे. बर्फ आहे, पण घाबरायचं काम नाही. खोल्या गरम आहेत. खोलीखोलीत हीटर आहे." तुमच्या बाजूला शालिग्राम मुकादम मान हलवत उभा होता. तुमचं नाव मी लिहीत नाही, खुर्चीही लिहीत नाही. तुम्हाला कळतं. दुसऱ्यांदा तुम्ही फोनवर खोटं बोललात, आमच्याशी, आणि तेव्हा अजून ऊन होतं.

आता सगळं सांगते. आमची चूक झाली तीही सांगते. नाहीतर तुम्ही ती हुडकून काढाल आणि तिच्या आड जाऊन बसाल.

मी रत्नमाला. मेडशीहून आत यायच्या ज्या रस्त्यावर तुमची गाडी खालून घासली, त्याच रस्त्यावर आमचं गाव. गावाला लागून तांडा. सातवीपर्यंत शिकले, शिलाई मशीन चालवते, ओट्यावरच मशीन आहे. आमच्या विहारात वर्षावासाचे तीन महिने ग्रंथ वाचतात. एकीनं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. आश्विन पौर्णिमेला समाप्ती होते, खीर होते आणि दुसऱ्या दिवसापासून बायकांना दुपार खायला उठते. कानाला सवय लागलेली असते ना.

यंदा समाप्तीनंतर माझा भाचा संघदीप कारंज्याच्या रद्दीवाल्याकडून एक जाड पुस्तक घेऊन आला. पुठ्ठा आणि पहिली पानं उंदरांनी खाल्लेली, त्यामुळं नाव नाही, लिहिणारा नाही. कुठल्यातरी गोठलेल्या मुलखातल्या प्रेमाची कादंबरी, कोणीतरी मराठीत आणलेली. आम्ही तिला बर्फाचं पुस्तक म्हणायचो. विहारात वाचायचा तो ग्रंथच, म्हणून हे माझ्या ओट्यावर. पण हात सवयीचे. हेही पुस्तक आम्ही पांढऱ्या फडक्यात बांधलं, भुईवर ठेवलं नाही, एकीच्या हातातून दुसरीच्या हातात दिलं. दुपारची जेवणं उरकली की धम्मदीपा वाचायची. ती भागिरथाबाईची नात, कॉलेजात जाते, आवाज असा की रस्त्यावरचा माणूस थांबावा. वाचून झालं की पुस्तक पाळीपाळीनं एकेकीच्या घरी मुक्कामाला जायचं. जिला वाचता येतं ती पुन्हा वाचायची, जिला येत नाही ती उशाशी ठेवायची.

गोष्ट अशी होती की एक माणूस कुत्र्यांच्या गाडीवरून टपाल नेतो. नदी गोठलेली, तिच्यावरूनच त्याचा रस्ता. वाटेत मासळी साठवायच्या गोदामावर एक बाई काम करते. दोघांचं जमतं, पण बोलत कोणीच नाही.

"लव्ह करते तर बोलत काहून नाई बापा?" निता विचारायची.

"तोंड गोठलं असन," भागिरथाबाई म्हणायची.

"आन् गाडीले कुत्रे? आपले कुत्रे जुंपले तर मेडशी याच्या आधीच भांडनात गाडी उलटवतीन."

"तुह्या नवऱ्याले जुंप. तो भांडत नाई, निसता बसून राह्यते."

असं चालायचं. मी मशीनवर, पाठमोरी, हसत.

संगीता आमच्यात आली ती तांड्यावरून. तिच्या नवऱ्याचं नाव नवीन, तुमच्या मंडपात पहिल्या रांगेत बसलेला, लाल बनियानवाला. त्यानंच तुम्हाला विचारलं होतं, "साहेब, बर्फात निजाचं कसं?" आणि तुम्ही म्हणाला होता, "घरच्यापेक्षा गरम निजशील." लोक हसले होते. संगीताला तेव्हा दिवस गेलेले होते. दिवाळी झाली आणि तांड्यावरची पोरं गेली. नवीनही गेला. थंडी पडायला लागल्यावर एका दुपारी संगीता ओट्याच्या कडेला येऊन बसली, पोट सांभाळत.

"ताई, तुमच्या पुस्तकात बर्फ हाय म्हनते. मले बर्फाचं आयकाचं हाय."

"प्रेमाचं नाई?" निता म्हणाली.

"प्रेमाचं मले माहीत हाय," संगीता पोटावर हात ठेवून म्हणाली. "बर्फाचंच माहीत नाई."

सगळ्या हसल्या. मग तिचं रोजचंच झालं. आम्हाला पुढं काय होतं ते पाहिजे, तिला मधलंच पाहिजे. "ते राहू दे वं धम्मा, त्यानं पायात काय घातलं ते वाच." टपालवाला बुटात कागद कोंबतो, तोंडाला चरबी चोळतो, उघड्या हातानं लोखंड धरत नाही. संगीता ओठांनी पुटपुटत पाठ करायची आणि वाचन संपलं की ओट्याखाली उतरून, निंबाखाली जिथं मोबाइलला रेंज येते तिथं उभी राहून नवीनला सांगायची. आम्हाला तिचंच बोलणं ऐकू यायचं.

"बुटात पेपर कोंब. अरे पेपर, बातम्याचा! हसू नको."

दुसऱ्या दिवशी ती धावतच आली. कागदानं पाय गरम राहिले होते. मग चरबीच्या जागी तेल चोळलं, गाल फुटायचे थांबले. एका पोरानं उघड्या हातानं पहार धरली, तळव्याची कातडी निघाली, आणि नवीन म्हणाला की हे तर तू सांगतलं होतं. तेव्हापासून तिकडची पोरं फोनची वाट पाहायला लागली. "आज काय वाचलं?" असं नवीन आधी विचारायचा, तब्येतीचं मागून. त्याच्या खोलीतल्या पोरांना तर वाटायचं की त्याची बायको कुठल्या मोठ्या साहेबाला विचारून सांगते. "साहेब नाई रे, पुस्तकातला मानूस," ती म्हणायची.

खोली कसली? पत्र्याचा डबा. संगीतानंच सांगितलं. एका डब्यात एकावर एक पोरं. दाराखालून वारा येतो, पांघरूण सकाळी कडक होतं. हीटर नाही. भिंतीला हीटरच्या जागी दोन भोकं आहेत, त्यांतूनही वारा येतो. हे ऐकून आम्ही तुम्हाला शिव्या दिल्या, साहेब. बस, तेवढंच केलं.

आता ती दुपार.

पुस्तक संपायला आलं होतं. टपालवाला आणि ती बाई शेवटी बोलले, आणि पळाले. वादळ आलं. एका शिकाऱ्याच्या रिकाम्या खोपटात दोघं शिरले. धम्मदीपाचा आवाज असा लागला होता की माझा मशीनवरचा पाय हळू पडायला लागला. डब्यात कोळसे पेटवले. तिनं पांघरायची कातडी फाडून फटी बुजवल्या. शेवटची फट बुजवली तेव्हा तो म्हणाला की आता वारा आत यायचा नाही. दोघं एकमेकांच्या कुशीत झोपले.

इथं धम्मदीपा थांबली. मला वाटलं, दम लागला. मी पाठमोरी होते. मग ती म्हणाली, "सकाळी ते उठले. वादळ थांबलं होतं. बाहेर ऊन पडलं होतं आणि कुत्रे शेपट्या हलवत होते. संपलं."

"संपलं?" निता म्हणाली. "लग्न?"

"झालं असन मंग," धम्मदीपा म्हणाली.

संगीता रडत होती. आनंदानं. पदरानं नाक पुसत म्हणाली, "हे तर आमच्या ध्यानातच नाई आलं. ते भोकं! ते भोकंच बुजवाचे राह्यले!" आणि पोट सावरत निंबाखाली गेली. तिचा आवाज मला आजही जसाच्या तसा ऐकू येतो. "आयक ना. डब्यात कोळसे पेटवा. सैपाकाचे असतीन ना? तेच. आन् सगळ्या फटी बुजवा, ते भोकं आदी, दाराच्या खालची बी. अरे मंग झोपा ना मस्त! ते दोघं झोपले न् सकाळी उठले." मग ती थांबली, लाजली, हसली. "आजच करतो म्हन्ते," आम्हाला ओरडून सांगितलं. "आज भल्ली थंडी हाय म्हन्ते."

बायका उठल्या. पुस्तकाची पाळी माझी होती. धम्मदीपा ते मशीनवर ठेवून, माझ्याकडं न बघताच, केव्हाच निघून गेली होती.

मला तो शेवट पुन्हा पाहिजे होता. कुत्रे शेपट्या हलवतात ते. ब्लाउजची बाही अर्धी सोडून मी शेवटचं पान उघडलं. कुत्रे होते. पण ते भुंकत होते. दार कोणी उघडत नव्हतं. शिकाऱ्यांनी कुऱ्हाडीनं दार फोडलं तेव्हा ती दोघं झोपल्यासारखीच होती, गाल लालसर. एक म्हातारा शिकारी फटीतलं कातडं उपसून फेकतो आणि म्हणतो की कोळशाचं विष डोळ्यांना दिसत नाही, नाकाला लागत नाही, ते फक्त झोपवतं.

मी ते दोनदा वाचलं. उठायला गेले तर मशीनच्या पायट्यात साडी अडकली.

धम्मदीपा घरी चुलीपुढं बसली होती. मी दारातूनच विचारलं. "शेवटच्या पानात काय लिहिलं हाय? आन् तू काय वाचलं?"

"मावशी, संगीता बसेल होती ना पुढं," ती म्हणाली.

भागिरथाबाई बाजेवरून म्हणाली, "म्याच नको म्हनून मान हालवली. गरवार बाईपुढं मौत वाचत नसते कोनी."

हे खरं आहे. हे ग्रंथात कुठं लिहिलेलं नाही, संघदीप याच्यावरून आम्हाला चिडवतोही. पण विहारातसुद्धा महापरिनिर्वाणाचं वाचन आलं की गरवार बाईला कोणीतरी चहा टाकायला बाहेर पाठवतं. पाळतो आम्ही. ओट्यावरून तिला कुठं पाठवणार? म्हणून पोरीनं मरण गिळलं आणि सकाळ वाचली.

"तिनं नवीनले सांगतलं," मी म्हणाले. "कोळसे पेटव म्हनून सांगतलं. भोकं बुजव म्हनून सांगतलं. तू होती ना तिथंच? आयकलं नाई?"

तिनं ऐकलं नव्हतं. ती आधीच निघाली होती. तिचा चेहरा पाहवेना. पोरगी उठली, अनवाणीच निघाली, तिच्या मागं मी. पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर चढलं की रेंज पक्की लागते. नवीनचा फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. ती बाई गोड आवाजात सांगत होती की आपण संपर्क करत असलेली व्यक्ती क्षेत्राबाहेर आहे. धम्मदीपा जिन्याच्या गजाला धरून पुन्हा लावा, पुन्हा लावा म्हणत होती. खाली तूर उभी होती, ऊन तिच्या शेंड्यांवर आलं होतं. तिकडं पहाडात सूर्य लवकर बुडतो, हे आम्ही पुस्तकातच वाचलं होतं.

शालिग्रामला लावला.

"बर्फ पडून राह्यला बाई वर," तो म्हणाला. "टावर गेला असन. सकाळी लागन."

"सकाळी नाई, आता! त्यायच्या खोलीत कोळसे पेटवू नको म्हना. कोनाले तरी पाठवा. तिथं साहेबलोक असतीन, गाडी असन, वायरलेस असन."

"कोळसे? ते कोन सांगतलं त्यायले?"

"आमी सांगतलं."

तो म्हणाला, "मले कोन इचारते तिथं? हापिसात लावा." आणि तुमचा नंबर दिला.

आधी तुमच्या माणसानं घेतला. मी एका दमात सगळं सांगितलं: पत्र्याचा डबा, भिंतीची भोकं, कोळसे. तो म्हणाला, "कुणी सांगितलं कोळशानं माणूस मरतो?" मी म्हणाले, पुस्तकात आहे. "कसलं पुस्तक?" मी खरं ते सांगितलं, कादंबरी. तो हसला. फोनवर हात न ठेवता बाजूच्याला म्हणाला, "कादंबरी वाचून फोन करतायत बाया." तिकडं अजून कोणीतरी हसलं.

धम्मदीपानं माझ्या हातातून फोन ओढला. "सर, माझी चूक आहे," ती म्हणाली, कॉलेजच्या भाषेत, स्पष्ट. "मी चुकीचं वाचलं. तुम्ही मला काहीही म्हणा, पण कृपया कॅम्पवर निरोप द्या. रात्र व्हायच्या आत. प्लीज सर."

मग तुम्ही आलात फोनवर. आवाज मंडपातलाच. मी कान लावून होते. तुम्ही म्हणालात, "हे बघ बेटा, घाबरू नको. प्रत्येक खोलीत हीटर बसवलेला आहे. माझ्यासमोर कागद आहे. हीटर असताना कोळसा कोण पेटवेल? उगाच निरोप पाठवून मी तिथं गोंधळ करू का?"

"हीटर नाही सर. नुसती भोकं आहेत."

"तू पाहिलीस?"

नाहीच पाहिली तिनं. आमच्यातलं कोणीच तिकडं गेलेलं नाही. आम्ही फक्त ऐकलं होतं, वाचलं होतं. तुम्ही ठेवून दिला. पुन्हा लावला तर उचलला नाही. पुन्हा, पुन्हा. ऊन तुरीवरून गेलं, मग टाकीवरूनही गेलं.

गावात चुली पेटल्या. धूर दिसला की धम्मदीपा दचकायची. मी घरी जाऊन चूल पेटवली आणि दार लावू शकले नाही. खिडकी उघडली, मागचं दारही उघडलं. गार वारा घरभर फिरत होता आणि माझा जीव घुसमटत होता. तांड्यावर जाऊन संगीताला सांगावं की न सांगावं? सांगून ती काय करणार होती? आठवा सरत आलेला. फोन लागणार नाही, नुसती रडून लोळण घेईल. असं म्हणून मी गेले नाही. भागिरथाबाईनं मान हलवली होती, तशीच मीही मनातल्या मनात हलवली. ती रात्र कशी काढली ते सांगत नाही.

उजाडलं तसं मी ओट्यावर आले आणि पाहिलं, मशीनवर पुस्तक नव्हतं. कालच्या धावपळीत मी ते उघडंच टाकून गेले होते. फडकं खाली पडलेलं.

तेवढ्यात शालिग्रामचा फोन आला. त्याचा आवाज ओळखू येईना. "बाई, एका खोलीतले पोरं उठले नाई. दार फोडलं म्हन्ते. कोनाले दवाखान्यात नेलं, कोनाले..." मग खोकला. "कोन्ती खोली, ते नाई सांगत मले. नावं देऊन नाई राह्यले. साहेबाचं म्हननं हाय की आदी चौकशी होऊ द्या."

"नवीन?"

"नावं देऊन नाई राह्यले म्हनलं ना बाई!" आणि तो रडायला लागला. मुकादम माणूस.

मी फोन खाली केला तर समोर संगीता उभी. छातीशी पुस्तक, उघडं, फडक्याविना. सोबत तिची सासू रामीबाई, तिला काहीच माहीत नव्हतं, ती फक्त सुनेला सावरत होती. संध्याकाळी संगीता ब्लाउज न्यायला आली होती, मी टाकीवर होते. पुस्तक पडलेलं पाहून घेऊन गेली, पुढची पाळी तिचीच होती. चौथी शिकलेली बाई. अक्षराला अक्षर लावत एक पान वाचायला तिला रात्र पुरली.

धम्मदीपा आमच्या दाराशीच बसून होती. ती उठली आणि संगीताच्या पाया पडायला वाकली. संगीतानं पाय मागं घेतले. रागानं नाही. पोटामुळं तिला खाली दिसत नव्हतं, पोरगी पायात येईल म्हणून.

"उठ वं," ती म्हणाली. "काहून खोटं वाचलं?"

"तुह्यासाठी."

"मंग मलेच झोपवाचं होतं. त्याले काहून?" हे बोलून तिचं तोंड वाकडं झालं, पण ती रडली नाही. भागिरथाबाई बाजेवरून उतरून आली होती. ती म्हणाली, "माय, मले बोल. पोरीले नको बोलू. मान म्या हालवली."

मग तिनंच संगीताला टाकीवरून केलेल्या फोनाचं सांगितलं, साहेब हीटर आहे म्हणाला तेही. संगीता माझ्याकडं वळली. "ताई, तुमी साहेबाले फोन केलता ना? उजेड असतानी?"

"केला होता."

"त्याच्यापुढं तर कोनी गरवार बाई नव्हती बसेल. मंग तो काहून खोटं बोलला?"

रामीबाई आता एकेकीच्या तोंडाकडं पाहायला लागली होती. "नवीनले काय झालं वं? याडीले सांगा ना. काय झालं?" याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. संगीतानं पुस्तक माझ्या हातात दिलं, हातातून हातात, नेहमीसारखं, आणि निंबाखाली जाऊन उभी राहिली, फोन कानाला लावून. बंद फोन. ती तो लावत होती, ठेवत होती, लावत होती.

ती अजून तिथंच आहे, साहेब. मी हे मशीनवर कागद ठेवून लिहिते आहे आणि ती मला दिसते आहे. रामीबाई तिच्या पायाशी मातीत बसली आहे. मघाशी तुमच्या हापिसातून शालिग्रामला कळवलं की घटना मजुरांच्या निष्काळजीपणामुळं घडली, गावातल्या कोणत्या तरी बायांनी त्यांना चुकीचा सल्ला दिला. म्हणजे आमचा फोन तुमच्या ध्यानात आहे. कोळशाचा शब्द तुम्हाला कोणी सांगितला? आम्हीच. किती वाजता आला होता, तेही तुमच्याकडं असेल. बरं झालं. मग हेही सांगा की तो फोन आल्यावर तुम्ही काय केलं.

चुकीचं आम्ही सांगितलं. मी सही करून देते, धम्मदीपा देते, भागिरथाबाई अंगठा देते. आम्हाला पकडून न्या. पण भिंतीला हीटर होता की भोकं होती? हीटर असता तर बर्फातल्या पोरांनी निंबाखालच्या बाईला कशाला विचारलं असतं की निजायचं कसं? आणि आम्ही उजेडात ओरडून सांगत होतो तेव्हा तुमच्या हातात तिकडचा फोन होता, गाडी होती, माणसं होती. आमच्या हातात एक उंदरांनी खाल्लेलं पुस्तक होतं. तुम्ही कोणाला वाचवायला खोटं बोललात?

ही उत्तरं सावकाश द्या. चौकशी करा, कागद रंगवा. पण एक उत्तर आत्ता पाहिजे, ती बाई निंबाखालून घरात यायच्या आत. तुमच्याकडं नावं आहेत. लाल बनियानवाला, पहिल्या रांगेतला, ज्याला तुम्ही म्हणालात की घरच्यापेक्षा गरम निजशील.

नवीन सकाळी उठला की नाही?